भिकाजीचा झेंडा

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात काही उलटंपालटं झालं की लोक म्हणतात, 'भिकाजीचा झेंडा झाला.' सदरा उलटा घातला, भिकाजीचा झेंडा. लग्नाच्या पत्रिकेत वर आणि वधू यांच्या नावांची अदलाबदल झाली, भिकाजीचा झेंडा. म्हण अगदी नवी आहे, तिला पाच वर्षंही झालेली नाहीत. ती कशी झाली हे सांगू शकेल असा माणूस मी. ती माझ्या तोंडून कधी निघाली नाही. पण माझ्या तोंडून जे निघायला हवं होतं ते निघालं नाही, म्हणून ती झाली.

मी मास्तर. मूळचा देवगडकडचा. वडील लालबागला गिरणीत होते, मी शिकलो, मास्तर झालो आणि अंधेरीला दोन खोल्यांत संसार मांडला. एकोणऐंशी साली माझी वर्सोव्याच्या शाळेत बदली झाली. मुलं बहुतेक कोळ्यांची, काही खाडीपलीकडच्या मढहून तरीतून येणारी. पहिल्या महिन्यातच मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं की या माणसाला बोलायला आवडतं. तेव्हापासून पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचं भाषण माझ्याकडे आलं. देशभक्ती या विषयावर मला उभं करा, मी तासभर हलणार नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारख्यांनाच.

भिकाजीला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला. सकाळी सहाला शाळेत पोचलो तर मैदानातल्या खांबापाशी एक पन्नाशीच्या पुढचा माणूस उभा. पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, पायांत काही नाही. आणि हातात आपला राष्ट्रध्वज! मी फाटकातूनच ओरडलो, "ए, हात धुतलेस का रे?"

त्याने झेंडा घडी करून टेबलावर ठेवला. माझ्यासमोर आला आणि दोन्ही तळवे पुढे केले, नखं तपासताना पोरं करतात तसे.

"आधी राखेनं घासले, मंग लिंबानं. वास घ्या, मास्तर."

आणि मी मेल्याने खरंच वास घेतला. लिंबाचा होता. आज आठवलं की कानशिलं तापतात. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, आणि मी त्याचे हात हुंगतोय.

नंतर मुख्याध्यापकांनी सगळं सांगितलं. सत्तेचाळीस साली, पहिल्याच स्वातंत्र्यदिनाला, तेव्हाच्या मास्तरांना झेंड्याचा दोर काही जमेना. मंडळी खोळंबली. मास्तरांनी कुंपणावरून बंदराकडे हाक मारली, कोणी गाठ मारणारा आहे का रे? होडीवर काम करणारा बावीस वर्षांचा भिकाजी आला आणि दोन मिनिटांत झेंडा बांधून गेला. तेव्हापासून वर्षातून दोनदा तोच बांधायचा. कोणी बोलवायचं नाही, कोणी काही द्यायचं नाही. शाळेचा चहा घ्यायचा तेवढा.

भिकाजी शाळेत कधी शिकला नाही. सात वर्षांचा असल्यापासून होडीवर. मला एकदा म्हणाला होता, "या फाटकातनं मी आत येतो तो बावट्यामुलं. नायतर मना कोन आत घेतंय?" हसत म्हणाला होता. मीही हसलो होतो.

झेंड्याला तो बावटाच म्हणायचा, होडीवरच्या निशाणाला म्हणतात तसं. कोळ्यांच्या बोलीत ड-ढचा र होतो, घडीची घरी आणि पुड्याचा पुरा. आदल्या संध्याकाळी येऊन कपाटातला झेंडा काढायचा, डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत वाऱ्याला धरायचा. सकाळी घडी घालायचा, आत मूठभर झेंडूच्या पाकळ्या. मग सुरगाठ. सुरगाठ म्हणजे एका ओढीत सुटणारी, आणि निरगाठ म्हणजे ओढाल तितकी आवळणारी, हा फरक मी मुलांना पुस्तकातून शिकवला होता. हातांत पाहिला तो भिकाजीच्या. पाहुण्यांनी दोर ओढला की झेंडा खळकन् उघडायचा. अडतीस वर्षांत एकदाही अडकला नव्हता.

आणि बांधून झालं की हा माणूस घरी जायचा नाही. समारंभ आटपायचा, मुलं खाऊ घेऊन पळायची, आम्ही मास्तर मंडळी सुट्टीच्या जेवणाला घराकडे सुटायचो. भिकाजी दिवसभर खांबाच्या सावलीला बसून राहायचा. सूर्य मावळला की झेंडा उतरवायचा, घडी घालून कपाटात ठेवायचा आणि किल्ली शिपायाच्या घरी नेऊन द्यायचा. ऑगस्टात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, तेव्हा ठीक. पण जानेवारी म्हणजे भर हंगाम. भाऊ होडी घेऊन जायचा, हा मागे राहायचा. मी म्हटलं, अरे, शिपाई उतरवेल की. तर म्हणाला, "चरवला त्यानं उतरवायचा. दर्या काय, उद्या बी हाय."

एकदा भाषणासाठी मला एखादं खणखणीत वाक्य हवं होतं. कष्टकरी माणसाच्या तोंडचं असलं की टाळी येते, हे मला अनुभवाने माहीत होतं. मी त्याला विचारलं, "भिकाजी, देशभक्ती म्हणजे काय रे, तुला काय वाटतं?"

त्याने टोपी काढली. घाम पुसला. मग म्हणाला, "मना गाठ मारायला येते. ती नीट मारायची. आनकी काय?"

मी ते वाक्य घेतलं नाही. त्यात काही दम वाटला नाही मला.

पंच्याऐंशी सालच्या सव्वीस जानेवारीला शिक्षण खात्यातले एक साहेब पाहुणे म्हणून यायचे होते. मुख्याध्यापक पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार ते या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार, असं सगळे म्हणत, आणि मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोलू? झोपेतही हवी होती. आदल्या दिवशी मी अंधेरी स्टेशनाबाहेरून गुलाबाच्या पाकळ्यांचा हा एवढा पुडा आणला. साहेबांनी दोर ओढला की त्यांच्या डोक्यावर गुलाबांचा सडा पडावा, असं चित्र मी मनात रंगवलं होतं.

सकाळी तो पुडा भिकाजीपुढे धरला. त्याने त्यातून मूठभर पाकळ्या घेतल्या आणि पुडा परत केला.

"सगळ्या घाल रे."

"नाय, मास्तर. घरी फुगते, मंग गाठ धरत नाय. फुलां बावट्यासाठी असतात. बावटा फुलांसाठी नसतो."

त्याने झेंडा बांधला, वर चढवला आणि टोपी धुतलेली आहे ती घालून येतो म्हणून घरी गेला. सकाळच्या वाऱ्याने डोक्यावरची खाली पडून मळली होती. शिपाई चहाच्या कपबशांच्या मागे. मैदानात मी एकटा, आणि माझ्या हातात तो पुडा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं. झेंडा खाली घेतला, सोडला, सगळ्या पाकळ्या आत कोंबल्या. घडी फुगली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा फुगली. दोरापासून झेंडा सुटून हातात आला, तो मी परत दोराला बांधला. वरचं टोक कोणतं, खालचं कोणतं, गुंडाळलेल्या झेंड्यात ते मला कळलं नाही, आणि घाईत बघितलंही नाही. मला जी एकच गाठ येते ती मारली, दोन्हीकडे. वर चढवला. भिकाजी परत आला तेव्हा मी फळ्यावर सुविचार लिहीत होतो. त्याने वर पाहिलं. गुंडाळी त्याला जरा जाड वाटली असणार. पण तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

साहेबांनी दोर ओढला. झेंडा उघडेना. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा त्यांनी हिसका दिला तेव्हा तो उघडला, गुलाबाच्या पाकळ्यांचा गोळाच्या गोळा त्यांच्या खांद्यावर पडला, आणि वाऱ्यावर झेंडा पसरला. वर हिरवा, खाली केशरी.

बाईंनी पेटीवर सूर धरलेलाच होता. झेंडा उघडला की लगेच सुरू करायचं, अशी आठ दिवस मुलांची तालीम मीच घेतली होती. साडेतीनशे मुलांनी राष्ट्रगीत सुरू केलं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, हलताही येत नाही. बावन्न सेकंद आम्ही सगळे ताठ उभे राहून उलट्या झेंड्याला मानवंदना देत होतो. बावन्न सेकंद केवढे असतात ते मला त्या दिवशी कळलं. भिकाजी माझ्यासमोर, खांबाच्या पलीकडे उभा होता. हात बाजूला, मान वर. डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं आणि पुसायला हात उचलता येत नव्हता.

'जय हे' संपलं आणि तो धावला. झेंडा खाली घेतला. दोराला जिथे बांधला होता त्या दोन गाठी त्याने बोटांनी चाचपल्या. एकदा नाही, दोनदा. मग सोडल्या, झेंडा सरळ केला, आपल्या हाताने बांधला आणि वर चढवला. मी हे सगळं बघत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कोणाकडेच पाहिलं नाही.

साहेब खांद्यावरच्या पाकळ्या झटकत म्हणाले, "कोणी बांधला हा?"

मुख्याध्यापक पुढे झाले. "भिकाजी म्हणून आहे, साहेब. इथल्या कोळीवाड्यातला. बरीच वर्षं तोच..."

"कोळीवाड्यातला ना? मग सकाळीच लावून आला असेल."

मागे दोघं-तिघं हसले. भिकाजी दारूला शिवत नसे. अख्ख्या वर्सोव्याला हे माहीत होतं. मला माहीत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात भिकाजी पुढे आला आणि म्हणाला, "गाठ मीच मारली व्हती, सायेब. चुकी झाली. माफी करा."

मी तोंड मिटलं.

त्यानंतर भाषण माझं होतं. विषय मी आठवडाभर आधी फळ्यावर लिहून ठेवला होता : 'सचोटी हीच खरी देशभक्ती'. बोललो. वीस मिनिटं बोललो, आणि चांगलं बोललो. टाळ्या पडल्या. साहेबांनी जाताना माझा हात हातात घेतला. भिकाजी खांबाखाली बसला होता. दिवस मावळेपर्यंत बसला. झेंडा उतरवला, घडी घातली, किल्ली देऊन गेला. पुन्हा आला नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंडा शिपायाने बांधला. शहाऐंशी साली मी मुख्याध्यापक झालो. पेढे वाटले. घरी सुलक्षणेला, म्हणजे माझ्या बायकोला, त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. मला वाटलं, मन हलकं होईल. ती कुडाळची, कमी बोलणारी. ताटावरून उठली आणि म्हणाली, "ह्या माका सांगून काय उपयोग? आणि एक ऐका, त्या मंजुळाकडे माका मासे आणूक पाठवू नकात. माका तिच्या तोंडाकडे बघवाचा नाय."

मंजुळा म्हणजे भिकाजीची बायको. अंधेरीच्या बाजारात बसायची. मग मीच पिशवी घेऊन जाऊ लागलो. टाळता आलं असतं, बाजारात दुसऱ्या कोळणी काय कमी होत्या? पण चोराच्या मनात चांदणं. तिच्याकडे गेलो नाही तर तिला कळेल, असं मला वाटे. ती आपली नेहमीसारखी बोलायची, ताजी सुरमई असली की माझ्यासाठी बाजूला ठेवायची, कोयत्याने तुकडे करता करता शाळेतल्या पोरांच्या चौकशा करायची. मास्तर म्हणून मान द्यायची. मी घरी आणलेले ते मासे सुलक्षणा रांधायची आणि स्वतः वरणभात खायची.

म्हण तोपर्यंत कोळीवाड्यात रुजली होती. शाळेतल्या पोरांनी ती घरी नेली, घरच्यांनी बंदरावर. भिकाजीने मच्छीमार सोसायटीचा झेंडा बांधणंही सोडलं. नारळी पौर्णिमेला सगळ्या होड्यांवर बावटे लागायचे, याच्या होडीची डोलकाठी मोकळी. भावाने लावला तर हा त्या दिवशी होडीकडे फिरकायचा नाही. पोरं बंदरावरून जाताना एकमेकांना मोठ्याने म्हणायची आणि पळायची. हे मला शाळेतच कळायचं, पोरांच्याच तोंडून. मी त्यांना रागावायचो. छड्याही दिल्या एकदोघांना. मी छड्या दिल्या! कोणाला आणि कशाबद्दल, ते बघा.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत मंजुळा बोलता बोलता म्हणाली, "आली परत सव्वीस तारीख. घरान जीव नाय लागत मास्तर त्या दिसाला."

"का गं?"

"का म्हंजे? पाटे उठतो. आंघोल करतो. राखेनं हात घासतो, लिंबानं घासतो. धुतलेली टोपी घालतो. आनि उंबऱ्यावर बसतो. दिस बुरेपरत. जेवत नाय, बोलत नाय. शालेचं गाणं ऐकू आलं का उभा ऱ्हातो." तिने कोयता खाली ठेवला. "तीन वर्सं झाली. मी म्हटलं, झाली असंल चुकी, मानसाकरून होते. तर बोलतो, तू गप."

मी मासे न घेताच निघालो. तिने मागून हाक मारली, पिशवी विसरलो होतो.

त्याच संध्याकाळी मी बंदरावर गेलो. भिकाजी वाळूत पाय पसरून जाळ्याची भोकं सांधत होता. मला पाहून उठायला लागला, मी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी बसलो. इतकी वर्षं त्याला अरे-तुरे केलं, त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

"भिकाजीभाऊ, त्या दिवशी... तुम्ही टोपी आणायला गेलात तेव्हा मी झेंडा सोडला. पाकळ्या भरल्या. परत बांधला तो मी. उलटा झाला तो माझ्या हातून."

त्याने दाताने दोरा तोडला. पुढच्या भोकाकडे वळला.

"ऐकलंत का? चूक माझी होती."

"मना ठाव हाय."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"गाठी बघितल्या ना मी," तो म्हणाला. "वानी पुरी बांधतो तशी गाठ. आमचा पोर पन तशी मारनार नाय. आनि पाकल्या तुमच्या पुऱ्यातल्या."

"मग तुम्ही का म्हणालात मीच मारली म्हणून?"

"समोर पोरं उभी व्हती. तुमची मान त्यांच्या समोर खाली गेली आसती, तर उद्या तुमचं ऐकली आसती ती? मना तर शिकवायचं नव्हतं कोनाला." सुई जाळ्यात तशीच अडकलेली. "मना वाटलं, मास्तर आपून सांगंल. सायेब गेला का सांगंल. मंग वाटलं, उद्या सांगंल. मंग पंधरा आगस्टला वाटलं."

तीन वर्षं मी एका गोष्टीवर तग धरून होतो. त्याला माहीत नाही, तो आपलीच चूक समजून बसलाय, म्हणजे निदान माझ्याविषयी त्याचं मन तरी वाईट झालेलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. तो आधारही गेला. तो दर सव्वीस जानेवारीला उंबऱ्यावर बसायचा ते पश्चात्तापाने नव्हे. कोणी बोलावतंय का, याची वाट बघत बसायचा.

मला रडू आलं. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर त्याने पाय ओढून घेतले. चिडला तो. पहिल्यांदाच चिडलेला पाहिला.

"हे काय करता? आनि मना काय सांगता? मना ठाव हाय. ज्यांना ठाव नाय त्यांना सांगा."

सव्वीस जानेवारीला मी शिपायाला सांगितलं, झेंडा नुसता कपाटातून काढून ठेव, बांधू नको. आधी भाषण, मग ध्वजवंदन. शिक्षक बुचकळ्यात पडले. मुलं रांगेत उभी, पालक कुंपणाला. फाटकाबाहेर भिकाजी उभा होता. मंजुळा मागे. पांढरी टोपी, पायांत काही नाही. आत आला नव्हता.

मी बोलायला लागलो. आणि काय सांगू, इतकं सगळं ठरवून उभा राहिलो होतो तरी तोंडाला सवय जुनीच. म्हणालो, "मुलांनो, तीन वर्षांपूर्वी याच मैदानात एका शिक्षकाच्या हातून एक मोठी चूक झाली, आणि त्याचा दोष दुसऱ्याच एका निरपराध माणसावर गेला..." गोष्ट सांगावी तशी मी ती सांगितली. छान सांगितली. शेवटी तात्पर्यही काढलं. टाळ्या वाजायला लागल्या.

फाटकाकडे पाहिलं. भिकाजी तसाच उभा. टाळ्या थांबल्या तरी तो आत येईना आणि जाईनाही. बंदरावर म्हणाला होता तसाच वाट बघत होता, मास्तर आपून सांगंल.

मी पुन्हा माइक धरला. आणि रडू फुटलं. "तो शिक्षक मी," म्हणालो. "झेंडा मी उलटा बांधला. भिकाजीभाऊंनी नाही. भिकाजीभाऊंची गाठ अडतीस वर्षांत कधी चुकली नाही. ते दारू पीत नाहीत. मी त्या दिवशी गप्प बसलो आणि मुख्याध्यापक झालो."

टाळी कोणी वाजवली नाही. फाटकाबाहेर मंजुळाने पदर तोंडाला लावला होता. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मान वळवली. त्या दिवसानंतर तिने माझ्यासाठी कधी सुरमई बाजूला ठेवली नाही, आणि ते बरोबरच होतं.

भिकाजी फाटकातून आत आला. टेबलापाशी येऊन त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे केले. सवयीने केले असतील. मी ते हुंगले नाहीत. हातांत झेंडा ठेवला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला झोप लागली असती. पण पंच्याऐंशी साली मैदानात उभी असलेली मोठी पोरं केव्हाच शाळेतून गेली होती. कोणी होडीवर, कोणी कारखान्यात, कोणी भांडुपला सासरी. ती म्हण घेऊन गेली. मी अठ्ठ्याऐंशी साली ज्यांच्यापुढे कबुली दिली त्यांतल्या निम्म्यांना कसली चूक आणि कोणाचा झेंडा हेच माहीत नव्हतं. सर रडले, एवढं त्यांनी घरी सांगितलं.

यंदाच्या पंधरा ऑगस्टची गोष्ट. सकाळचे सहा वाजलेले. भिकाजी खांबापाशी घडी घालत होता, मी शेजारी पाकळ्यांची परडी घेऊन उभा. आता तेवढंच माझं काम. ओट्यावर चौथीतल्या मुली आवरत होत्या. शकु नावाची एक चुणचुणीत पोर आहे. तिच्या मैत्रिणीने घाईत फ्रॉक पुढचा मागे घातला होता. शकु टाळी वाजवून खिदळली, "भिकाजीचा झेंडा! भिकाजीचा झेंडा!"

भिकाजीचे हात थांबले.

मी ओट्याकडे गेलो. ओरडायचं होतं, पण ओरडण्याचा हक्क मला नाही हे आता समजतं. मी हळूच विचारलं, "शकु, भिकाजी कोण गं?"

तिने डोळे मोठे केले. विचार केला. खरंच माहीत नव्हतं तिला. पाच पावलांवर तो उभा होता आणि तिला माहीत नव्हतं.

"कोणी नाही, सर," ती म्हणाली. "असंच म्हणतात."

मी परत खांबापाशी आलो. भिकाजीने ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, घडीवरून हात फिरवून सुरकुती काढली आणि तळवा पुढे केला.

"पाकल्या द्या, मास्तर," तो म्हणाला. "मूठभरच."

मी मोजून मूठभर दिल्या.